रेयॉनची कुर्ती लाकडापासून बनते, मग त्यासाठी विष का लागतं? ‘द्रव मिठा’ची गोष्ट समजून घ्या

ऑनलाइन कुर्ती घेताना खाली बारीक अक्षरात कापडाचं नाव दिलेलं असतं. कॉटन, पॉलिएस्टर, नाहीतर रेयॉन. कॉटन म्हणजे कापूस, हे सगळ्यांना माहीत आहे. पॉलिएस्टर हे एक प्रकारचं प्लास्टिक, हेही आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. पण रेयॉन म्हणजे नेमकं काय?

रेयॉन म्हणजे लाकूड. झाडाचा लगदा करायचा, तो विरघळवायचा आणि त्यातून पुन्हा धागा ओढायचा. ऐकायला एकदम नैसर्गिक वाटतं. अडचण आहे ती ‘विरघळवायचा’ या एका शब्दात. कारण लाकडातला धागा पाण्यात विरघळत नाही, तेलात नाही, अल्कोहोलमध्येही नाही. त्याला विरघळवण्यासाठी शंभरहून जास्त वर्षं एक अत्यंत विषारी रसायन वापरलं जातंय आणि त्याची किंमत कारखान्यातल्या कामगारांनी मोजली आहे.

याला पर्याय म्हणून शास्त्रज्ञ एका वेगळ्याच पदार्थाकडे बघतायत. तो आहे मीठ. पण खाण्याचं नाही, तर साध्या तापमानाला पाण्यासारखं वाहणारं मीठ. त्याचं नाव आयनिक लिक्विड. हे काय प्रकरण आहे आणि त्याच्यामुळे खरंच काही बदलणार आहे का, ते बघू.

तांदळाची पेज होते, मग सुती साडीची का होत नाही?

तांदळातला स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही एकाच गोष्टीपासून बनतात. ग्लुकोज. ग्लुकोजचे हजारो मणी एकापुढे एक ओवले की माळ तयार होते. अशा लांबच लांब माळेला पॉलिमर म्हणतात, शाळेच्या पुस्तकातला शब्द वापरायचा तर बहुवारिक.

पण तांदूळ उकळला की पेज होते, स्टार्च पाण्यात उतरतो. त्याच स्टार्चची खळ आपण सुती साडीला घालतो. साडी मात्र कितीही उकळा, ती साडीच राहते. असं का?

फरक आहे मणी ओवण्याच्या पद्धतीत. स्टार्चमध्ये ते अशा कोनात जोडलेले असतात की माळ स्प्रिंगसारखी वळत जाते. मध्ये जागा राहते, गरम पाणी आत शिरतं आणि दाणा फुगतो. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या उलटा बसतो, त्यामुळे माळ काठीसारखी सरळ राहते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते. इथे ती बांधणारी दोरी म्हणजे हायड्रोजन बंध. असा एकेक बंध तसा कमजोरच असतो, पण एका माळेवर ते हजारोंनी असतात. पाण्याच्या रेणूला आत घुसायला फटच सापडत नाही.

म्हणून तर झाड पावसात विरघळत नाही आणि आपले कपडे धुता येतात. सेल्युलोज हा निसर्गात सर्वात जास्त प्रमाणात मिळणारा पॉलिमर आहे. कापसात ते जवळपास ९० टक्के असतं, लाकडात ४० ते ५० टक्के. एवढा मोठा कच्चा माल समोर पडलाय, पण त्याला हवा तो आकार द्यायचा तर आधी ही मोळी सोडावी लागते.

मग रेयॉन कसं बनतं?

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी मोळी सोडण्याची एक पद्धत शोधली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड नावाच्या रसायनाची प्रक्रिया करायची. त्यामुळे सेल्युलोजच्या माळेला ठिकठिकाणी गंधकाचे गट चिकटतात, माळा एकमेकींपासून सुटतात आणि केशरी रंगाचा पदार्थ तयार होतो. तो सोड्याच्या पाण्यात विरघळला की काकवीसारखा दाट द्रव मिळतो. हाच ‘विस्कोस’.

पुढचं काम शेव पाडण्यासारखं आहे. सोऱ्याच्या जाळीसारख्या, पण अतिशय बारीक भोकांच्या चकतीतून हा द्रव सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडतात. ॲसिड लागताच गंधक निघून जातं, सेल्युलोज पुन्हा घट्ट होतं आणि धागा तयार. आपल्याकडे जुन्या पिढीला ‘आर्ट सिल्क’ म्हणून माहीत असलेलं कापड ते हेच.

गोम इथेच आहे. कार्बन डायसल्फाइड हे फक्त मोळी सोडण्यापुरतं वापरलं जातं, धाग्यात ते राहत नाही. बाहेर पडताना ते हवेत जातं आणि सोबत हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायूही तयार होतो.

म्हणजे एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. रेयॉनची कुर्ती घालणाऱ्याला यातून धोका नाही. त्यामुळे ‘रेयॉन घालू नका, विष आहे’ असा फॉरवर्ड आला तर तो पुढे पाठवू नका. धोका आहे तो कुर्तीचा धागा बनवणाऱ्याला आणि कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला.

कामगारांचं काय झालं?

कार्बन डायसल्फाइड मेंदू आणि मज्जातंतूंवर हल्ला करतं, हे विस्कोसचा शोध लागण्याच्या आधीच माहीत होतं. त्या काळी रबर उद्योगात ते वापरलं जायचं. १८५६ मध्ये ऑग्यूस्त देलपेश या पॅरिसच्या डॉक्टरांनी रबर कामगारांमधल्या विषबाधेचं वर्णन केलं होतं. हातापायांना मुंग्या, स्मृती जाणं, स्वभाव बदलणं, कधी कधी वेडाचे झटके. पुढे हृदयविकाराशीही त्याचा संबंध सिद्ध झाला.

सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे दक्षिण कोरियातल्या वोनजिन रेयॉन या कारखान्याची. तिथली यंत्रं जपानमधून जुनी म्हणून आणलेली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथले कामगार अर्धांगवायू, वाचा जाणं, मानसिक आजार अशा तक्रारी घेऊन पुढे येऊ लागले. शेकडो कामगारांना विषबाधा झाल्याचं अधिकृतपणे मान्य झालं आणि १९९३ मध्ये कारखाना बंद पडला. यंत्रं मात्र भंगारात गेली नाहीत, ती पुढे चीनला विकली गेली.

आपल्याकडचं उदाहरण फार लांब नाही. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पुढचंच स्टेशन लागतं शहाड. इथे १९५० च्या दशकापासून रेयॉनचा धागा बनतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या कारखान्याच्या कार्बन डायसल्फाइड विभागात टँकरचा स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. हे रसायन ४६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि साधारण शंभर अंशांच्या आत-बाहेर तापलेल्या पृष्ठभागाला लागलं तरी ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. वाफेची गरम पाइपसुद्धा त्याला पुरते.

आधुनिक कारखान्यांत आता बरंचसं कार्बन डायसल्फाइड पकडून पुन्हा वापरतात, हे खरं आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. ते वापरावंच लागू नये, असं काही आहे का?

मीठ पातळ कसं काय असू शकतं?

आपलं खायचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात धन प्रभाराचे सोडियम आयन आणि ऋण प्रभाराचे क्लोराइड आयन एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. हे मीठ वितळायला ८०१ अंश तापमान लागतं. कारण दोन्ही आयन लहान आणि गोल. क्रेटमध्ये लिंबं रचली तर कशी थरावर थर नीट बसतात, तसं.

आता त्याच क्रेटमध्ये फणस आणि केळ्यांचे घड एकत्र भरून बघा. काहीच नीट बसणार नाही. आयनिक लिक्विडमध्ये हेच मुद्दाम केलेलं असतं. धन आयन मोठा आणि वेडावाकडा घेतात, त्यामुळे रचना जमत नाही आणि मीठ कमी तापमानालाच वितळतं. शंभर अंशांच्या खाली वितळणाऱ्या मिठाला आयनिक लिक्विड म्हणायचं, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. काही तर आपल्या घरातल्या तापमानालाही द्रवच असतात. १९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी जे मीठ नोंदवलं, त्याचा वितळणबिंदू साधारण १२ अंश होता.

याचा मोठा फायदा असा की, मीठ असल्यामुळे ते जवळपास उडून जात नाही. पेट्रोलचा वास लगेच येतो, कारण त्याची वाफ होते. आयनिक लिक्विडची वाफ साध्या तापमानाला नगण्य असते. वाफ नाही म्हणजे कामगाराच्या नाकात काही जात नाही आणि आगीचा भडकाही सहजासहजी उडत नाही.

ते सेल्युलोजची मोळी कशी सोडतं?

सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज मण्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या असतात. शेजारच्या माळेवरच्या जोड्यांशी त्या हातात हात घालून उभ्या असतात. आयनिक लिक्विडमधला ऋण आयन, म्हणजे क्लोराइड किंवा ॲसिटेट, या हातांमध्ये घुसतो. त्याला हायड्रोजनची ओढ इतकी जबर असते की शेजारणीचा हात सोडून ती जोडी त्याचा हात धरते. असे हजारो हात सुटले की मोळी सुटते.

इथे विस्कोसपेक्षा एक महत्त्वाचा फरक आहे. विस्कोसमध्ये सेल्युलोजचं रासायनिक रूप बदलावं लागतं आणि मग परत आणावं लागतं. आयनिक लिक्विड साखर पाण्यात विरघळावी तसं सेल्युलोज थेट विरघळवतं.

आणि धागा परत कसा मिळवायचा? पाणी घाला. पाणी आलं की आयन पाण्याकडे वळतात, सेल्युलोजचे हात मोकळे होतात आणि माळा पुन्हा एकमेकींना धरतात. म्हणजे तोच शेव पाडायचा प्रकार, पण ॲसिडच्या टाकीऐवजी पाण्याची टाकी.

६८ वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही

गंमत म्हणजे ही कल्पना जुनी आहे. १९३४ मध्ये चार्ल्स ग्रेनाखर यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. त्यात पिरिडिनियम जातीचं वितळलेलं मीठ सेल्युलोज विरघळवतं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तेव्हा आयनिक लिक्विड ही संकल्पनाच रुळलेली नव्हती. पेटंट फायलीत पडून राहिलं.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुन्हा उचलला. त्यांनी वापरलेल्या मिठाचं नाव लांबलचक आहे, ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम क्लोराइड. शंभर अंशांवर त्यात वजनाच्या १० टक्के सेल्युलोज विरघळलं. मायक्रोवेव्हचे छोटे छोटे झटके दिल्यावर तर २५ टक्क्यांपर्यंत. या शोधनिबंधाच्या छापील शीर्षकात ‘सेल्युलोज’ऐवजी चुकून ‘सेलोज’ असं स्पेलिंग पडलंय. तरीही रसायनशास्त्रात सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या निबंधांपैकी तो एक ठरला. २००५ मध्ये रॉजर्स यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्रासाठीचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार मिळाला.

आज हे तंत्रज्ञान कुठवर आलंय?

सगळ्यात पुढे आहे फिनलंड. तिथे जंगल भरपूर आहे आणि कागदाचा खप घटत चाललाय, त्यामुळे लगद्याचं काय करायचं हा त्यांचा खरा प्रश्न आहे. आल्टो विद्यापीठ आणि हेलसिंकी विद्यापीठाने मिळून ‘आयॉनसेल’ नावाचा धागा विकसित केला. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येन्नी हाउकियो यांनी बर्च झाडापासून बनलेल्या याच धाग्याचा गाऊन घातला होता. मेत्सा या फिनिश उद्योगसमूहाने आनेकोस्की इथे आयनिक लिक्विडवर आधारित प्रायोगिक कारखानाही उभा केला.

दुसरं काम आहे जुन्या कपड्यांचं. आपले बरेचसे टी-शर्ट आणि बेडशीट कॉटन-पॉलिएस्टर मिक्स असतात. दोन्ही धागे एकत्र पिळलेले असल्याने ते वेगळे करता येत नाहीत आणि कापड शेवटी पायपुसणं होतं, नाहीतर कचऱ्यात जातं. योग्य आयनिक लिक्विड फक्त कापूस विरघळवतं, पॉलिएस्टर जसंच्या तसं मागे राहतं. गाळलं की दोन्ही वेगळे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे करून दाखवलं.

तिसरं कोळंबीचं. कोळंबीच्या टरफलात कायटिन नावाचा पॉलिमर असतो, सेल्युलोजचाच जवळचा भाऊ. त्यापासून बनणारं कायटोसन रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये वापरतात. आज कायटिन काढण्यासाठी टरफलं आधी ॲसिडमध्ये आणि मग कॉस्टिक सोड्यात टाकावी लागतात. त्यात कायटिनच्या माळा तुटतात आणि सांडपाणी भरपूर होतं. २०१० मध्ये रॉजर्स यांच्याच गटाने आयनिक लिक्विडने टरफलातून लांब माळांचं कायटिन थेट बाहेर काढलं. कोकण किनाऱ्यावर कोळंबी सोलण्याच्या शेडबाहेर टरफलांचा ढीग आणि त्याचा वास ज्यांनी अनुभवलाय, त्यांना यातली किंमत वेगळी सांगायला नको.

मग दुकानात हे का दिसत नाही?

एका शब्दात सांगायचं तर, हिशोब.

समजा द्रावणात १० टक्के सेल्युलोज आहे. म्हणजे एक किलो धाग्यासाठी नऊ किलो आयनिक लिक्विड लागलं. त्याचा भाव समजण्यासाठी हजार रुपये किलो धरू. दर फेरीत त्यातलं ५ टक्के वाया गेलं तर ४५० ग्रॅम, म्हणजे एक किलो धाग्यामागे ४५० रुपयांचं नुकसान. १ टक्का गेलं तर ९० रुपये. ०.१ टक्का गेलं तर ९ रुपये. धंदा या शेवटच्या आकड्याच्या आसपासच शक्य आहे. थोडक्यात, सेल्युलोज विरघळवणं हे सोपं काम, विरघळवणारं मीठ परत मिळवणं हे अवघड.

आणि ते परत मिळवायला ऊर्जा लागते. धागा पाण्यात पाडला की मीठ त्या पाण्यात मिसळतं. आता ते सगळं पाणी आटवायचं, कारण मिठात एखादा टक्का पाणी जरी राहिलं तरी विरघळवण्याची ताकद कमी होते. गूळ करताना उसाचा रस आटवायला किती जळण लागतं, ते आठवा. वाफ होत नाही हा जो फायदा, तोच इथे आडवा येतो. अल्कोहोलसारखं साधं द्रावक उकळून, वाफ थंड करून शुद्ध करता येतं. मिठाच्या बाबतीत तो रस्ता जवळजवळ बंद असतो, त्यामुळे फेरीगणिक साचणारी घाण काढणं जिकिरीचं होतं.

शिवाय बाजारात एक तयार प्रतिस्पर्धी आहे, लायोसेल. ‘टेन्सेल’ हे नाव ज्या लेबलवर दिसतं तो धागा. त्यातही कार्बन डायसल्फाइड नसतं. त्याचं द्रावक आयनिक लिक्विड नाही, पण सेल्युलोज थेट विरघळवतं आणि ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवलं जातं. त्याची अडचण अशी की जास्त तापलं किंवा काही धातूंची भेसळ झाली तर ते भडकून विघटित होऊ शकतं. जुन्या कपड्यांत अशी भेसळ असतेच. तिथे आयनिक लिक्विडला संधी आहे.

स्वस्त पर्यायही शोधले जातायत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी सल्फ्युरिक ॲसिड आणि एका साध्या अमाइनपासून बनणारं आयनिक लिक्विड निवडलं. २०१४ च्या त्यांच्या अंदाजानुसार मोठ्या प्रमाणावर बनवलं तर ते किलोला सव्वा डॉलरच्या आसपास पडेल. ते उलटं काम करतं. लाकडातलं लिग्निन, म्हणजे माळांना चिकटवून ठेवणारा डिंक, विरघळवतं आणि सेल्युलोज मागे ठेवतं.

‘ग्रीन’ म्हणजे सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. सुरुवातीच्या काळात आयनिक लिक्विडचं ‘ग्रीन सॉल्व्हंट’ म्हणून खूप कौतुक झालं, आणि त्याचं मुख्य कारण होतं वाफ न होणं. पण वाफ होत नाही म्हणजे विषारी नाही, असा अर्थ होत नाही. पाण्यात मिसळलं तर काय? लांब शेपटीच्या इमिडाझोलियम प्रकारची आयनिक लिक्विड पाण्यातल्या जीवांना घातक ठरतात, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. काही लवकर कुजतही नाहीत. म्हणूनच नवं संशोधन कोलीनसारख्या शरीरात नैसर्गिकपणे असणाऱ्या रेणूंपासून आयनिक लिक्विड बनवण्याकडे वळलंय.

‘नैसर्गिक’ या शब्दाबाबत तर आणखीच सावध राहायला हवं. सोशल मीडियावर बांबूच्या मोज्यांच्या आणि चादरींच्या जाहिराती दिसतात. यातलं बहुतांश कापड म्हणजे बांबूच्या लगद्यापासून बनवलेला विस्कोस, तोही त्याच कार्बन डायसल्फाइडच्या वाटेने. अशा रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या ग्राहक नियामकाने कारवाई केली आणि २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन कंपन्यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला.

आपला यात काय संबंध?

विदर्भात आणि मराठवाड्यात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. बरीचशी चुलीत जाते, नाहीतर बांधावर जळते. त्या पऱ्हाटीतही सेल्युलोज आहे आणि उसाच्या चिपाडातही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवरून निघणाऱ्या कापडाच्या चिंध्यांतही ते आहे. मोळी सोडणारं स्वस्त आणि परत मिळवता येणारं मीठ हाती आलं, तर हा सगळा कचरा कच्चा माल ठरू शकतो. आज ते मीठ आहे, पण पुरेसं स्वस्त नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? लेबल वाचणं. विस्कोस, रेयॉन आणि ‘बांबू’ हे साधारणपणे एकाच घरातले. लायोसेल वेगळ्या घरातला. आणि उद्या एखाद्या ब्रँडने ‘आयनिक लिक्विडने बनवलेलं, शंभर टक्के ग्रीन’ असं लिहून जाहिरात केली, तर खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न विचारा: द्रावक किती टक्के परत मिळवता? आकडा सांगता आला तर पुढचं बोलू.